आठ चकत्या

“ऐका,” पद्मा म्हणाली. “वरती बारीक चिरकतंय. ऐकू येतंय?”

मी गाडीच्या मागे उकिडवा बसलो होतो. इंजिन चालू होतं आणि सायलेन्सरमधून येणारी गरम हवा माझ्या गुडघ्यावर आदळत होती. मला ऐकू येत होता तो नेहमीचाच आवाज, भरदार, छातीत बसणारा. त्यात चिरकणं वगैरे काही नव्हतं.

“येतंय की,” मी म्हणालो.

“एक चकती नीट बसलेली नाही.” तिने इंजिन बंद केलं, हाताला फडकं गुंडाळलं, सायलेन्सरच्या टोकाचे सहा बोल्ट सोडवून झाकण काढलं आणि आतल्या चकत्या एकेक करून बाकड्यावर मांडल्या. बांगडीपेक्षा थोड्या मोठ्या, पातळ स्टीलच्या, मध्ये भोक असलेल्या. एकीवर एक रचल्या की दोन चकत्यांमध्ये बारीक फट राहायची आणि त्या फटींतून धूर बाहेर पडायचा. चकत्या वाढवल्या की धुराला वाट मोठी. गाडी वरच्या वेगाला मोकळी पळायची, पण आवाजही वाढायचा. कमी केल्या की आवाज दबायचा आणि गाडीचा दम कोंडायचा. किती चकत्यांवर ताकद पुरेपूर मिळेल आणि आवाज मर्यादेत राहील, ते शोधायचं, हा सगळा खेळ.

तिने एका चकतीची कड कानशीने दोनदा घासली, सगळं पुन्हा बसवलं आणि इंजिन चालू केलं.

“आता?”

“आता गेलं,” मी म्हणालो.

खरं तर मला दोन्ही वेळेला सारखंच वाटलं होतं. बाई गाडीच्या मालकासमोर, इम्तियाजसमोर, उगाच भाव खातेय, असा मी त्याचा अर्थ लावला.

इम्तियाज हेल्मेट घालून गाडी घेऊन गेला तो थेट हायवेपर्यंत. वीस मिनिटांनी आला. उद्यमनगरच्या त्या अरुंद गल्लीत त्याने गाडी उभी केली आणि हेल्मेट काढायच्या आतच ओरडला, “लई भारी! चौथ्या गिअरला नुसती ओढ घेते! ही माझीच गाडी हाय का दुसऱ्या कुणाची?”

हे तो तिच्याकडे बघून म्हणाला. मी तिच्या शेजारीच उभा होतो.

ही दोन हजार चार सालची गोष्ट. मी सर्जेराव लोहार. तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो आणि कोल्हापुरात मोटरसायकलच्या शर्यतीत उतरणाऱ्या पोरांमध्ये माझं नाव होतं. नाव म्हणजे कानाचं नाव. गाडी चालू करून माझ्यासमोर उभी केली की मी डोळे मिटून सांगायचो, व्हॉल्व्ह ढिला आहे की कार्बोरेटरमधला पेट्रोलचा जेट बारीक पडतोय. सांगलीहून, निपाणीहून लोक नुसता आवाज ऐकवायला यायचे. इम्तियाज मुजावर सतरा वर्षांचा असताना बापाची गाडी घेऊन माझ्याकडे आला होता. त्याला मातीच्या ट्रॅकवर वळण कसं घ्यायचं ते मी शिकवलं, पहिल्या शर्यतीत मी उतरवलं, खांदा निखळला तेव्हा हाडवैद्याकडे मी घेऊन गेलो. सात वर्षं त्याच्या गाडीचा एकही बोल्ट माझ्याशिवाय कुणी फिरवला नव्हता. मला मूल नाही. पण उगाच तसलं काही बोलत नाही. तो माझा रायडर होता, एवढंच सांगतो.

पद्मा मगदूमला त्यानेच शोधून काढलं. पुढच्याच गल्लीत तिच्या वडिलांचं, बाबगोंडा मगदुमांचं लेथचं वर्कशॉप होतं. ते वारल्यावर ते तिने चालवायला घेतलं. तिशीची असेल. कॉलर असलेला निळा अंगरखा घालून दिवसभर मशीनवर उभी, बोलायला तुटक. आमच्याकडच्या बायका बोलतात तशी “मी करतो, मी बघतो” अशीच बोलायची. कुठल्याशा परदेशी मासिकातलं चकत्यांच्या सायलेन्सरचं चित्र इम्तियाजने तिला दाखवलं. तिने महिनाभरात तसला सायलेन्सर घडवला. नुसता घडवला नाही, तर एका वहीत लिहीत बसली : सहा चकत्या, अमुक जेट, अमुक चढावर अमुक सेकंद. सात चकत्या, अमुक जेट. मी सात वर्षांत कधी काही लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच काय, कान होता ना.

आणि त्या वर्षी तिच्या वहीला किंमत आली, कारण कागलच्या माळावर शर्यत भरवणाऱ्या मंडळाने आवाजाची मर्यादा घातली होती. आदल्या वर्षी आसपासच्या गावांनी तक्रार केली होती. त्यामुळे शर्यतीआधी यंत्र लावून प्रत्येक गाडीचा आवाज मोजायचा, काटा पुढे गेला की गाडी बाद. माझा जुना सायलेन्सर मोकळाढाकळा होता, तो पास होणं शक्यच नव्हतं. मी त्यात काचेची लोकर भरून बघितली. आवाज दबला, पण गाडी म्हशीसारखी झाली.

“वस्ताद, तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” इम्तियाज म्हणाला. “सायलेन्सर तेवढा पद्माताईंचा. बाकी गाडी तुमचीच की.”

मी म्हणालो, “मनाला काय लावायचं त्यात?”

पण लागलं होतं. संध्याकाळी पाच वाजता इम्तियाज माझ्या गॅरेजमध्ये चहाला यायचा. तो आता साडेपाचला यायला लागला आणि म्हणायला लागला, “चहा झाला वस्ताद, तिकडंच झाला.” एकदा मी सहज म्हणून तिच्या वर्कशॉपवरून गेलो. दोघं वहीवर वाकून बसले होते. तो हसत होता. ती हसत नव्हती, बोटाने आकडा दाखवत होती. मी आत न जाता पुढे गेलो आणि पानाच्या टपरीवर उगाच दहा मिनिटं उभा राहिलो. घरी आल्यावर बायकोने विचारलं, “तोंड का असं?” मी म्हणालो, “ऊन लागलं.” नोव्हेंबर महिना होता.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात इम्तियाजने टाकीवर नवीन अक्षरं करून आणली. आधी तिथे एकच ओळ होती : ट्यूनिंग – सर्जेराव लोहार. आता दोन ओळी झाल्या. वरती : सायलेन्सर – पद्मा मगदूम. खाली माझं नाव. अक्षरांची उंची सारखीच होती. मी टेपने मोजली, खोटं कशाला सांगू.

“कशी वाटते?” इम्तियाजने विचारलं.

“चांगली आहे. वरची ओळ जरा वाकडी वाटते.”

त्याने मान तिरकी करून बघितलं. “न्हाई वो, सरळच हाय.”

शर्यतीच्या दिवशी सकाळी नऊला आम्ही माळावर पोचलो. बांबू रोवून दोऱ्या बांधलेल्या, लाल माती, मध्ये दोन मोठे उंचवटे, गाडीने उड्या घ्यायचे. माणसं भरपूर जमली होती. आवाज मोजणाऱ्या माणसाने यंत्र सायलेन्सरपासून हातभर अंतरावर धरलं, इम्तियाजने सांगितलं तेवढा थ्रॉटल दिला. काटा मर्यादेच्या अगदी काठावर थांबला. आठ चकत्या. नऊ घातल्या असत्या तर बाद, सात घातल्या असत्या तर ताकद वाया. त्या माणसाने यंत्राकडे बघितलं, मग सायलेन्सरकडे, आणि विचारलं, “हे कुणी बनवलं?”

“ह्यांनी,” इम्तियाजने पद्माकडे बोट केलं.

“बाईंनी?” तो माणूस म्हणाला आणि त्याने शेजारच्याला हाक मारून बोलावलं. मग आणखी दोघं आले. तिच्याभोवती घोळका झाला. चकत्या कशा कापल्या, मध्ये फट किती ठेवली, सगळे विचारायला लागले. निपाणीचा एक मिस्त्री, जो दर वर्षी मला आवाज ऐकवायला यायचा, तो माझ्या अंगावरून पुढे जाऊन तिला म्हणाला, “ताई, मला एक करून द्याल काय?”

नंतर तिला कागदावर सही करायला मंडळाच्या तंबूत बोलावलं. रायडर लोकांना नियम सांगायला दुसरीकडे बोलावलं. मी गाडीपाशी एकटा उरलो.

मी आधीपासून ठरवून आलो होतो का, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. नव्हतो. पण ॲलन की माझ्या खिशात होती आणि मी इकडेतिकडे बघितलं, हेही खरं. ओलं फडकं धरून सहा बोल्ट सोडवले. तीन चकत्या काढल्या, झाकण बसवलं, बोल्ट पिळले. घट्ट होईपर्यंत पिळले. सायलेन्सर अजून गरम होता, डाव्या अंगठ्याला चटका बसला. चार मिनिटंही लागली नसतील. चकत्या मी पँटच्या खिशात टाकल्या.

माझं म्हणणं एवढंच होतं : गाडी कोंडेल. इम्तियाज सरळ पट्ट्यात मागे पडेल, चौथा-पाचवा येईल. मग संध्याकाळी गॅरेजमध्ये येऊन म्हणेल, वस्ताद, त्या वहीबिहीत काय खरं न्हाई. यापेक्षा जास्त मला काही नको होतं. कुणाला खरचटावं, असंही माझ्या मनात नव्हतं.

रेषेवर गाड्या लागल्या. शर्यतीआधीची आमची एक पद्धत होती. इम्तियाज गाडी चालू करायचा, माझ्याकडे बघायचा, मी ऐकायचो आणि मान हलवायचो. मगच तो हेल्मेटची काच खाली करायचा. त्या दिवशीही त्याने गाडी चालू केली. माझ्याकडे बघितलं. आवाज दबका होता, ते मला अपेक्षितच होतं.

“वस्ताद,” तो ओरडला, “काहीतरी चिरकतंय!”

मी कान पुढे केला. दबका, भरदार आवाज. बाकी काही नाही. शेजारच्या गाडीचा मिस्त्रीही वळून आमच्या सायलेन्सरकडे बघायला लागला होता. त्याने कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

“नवीन चकत्या आहेत,” मी म्हणालो. “तापल्या की बसतील.”

“नक्की?”

“ठीक आहे. जा तू.”

मी मान हलवली. त्याने काच खाली केली.

पहिल्या फेरीत तो चौथा होता. सरळ पट्ट्यात दोघांनी त्याला सहज मागे टाकलं. तंबूतून पद्मा धावत दोरीपाशी आली होती आणि डोळ्यांवर हात धरून बघत होती. तिचा चेहरा गोंधळलेला होता. मला तो बघून बरं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो, पण बरं वाटलं.

दुसऱ्या फेरीत इम्तियाजने मोठ्या उंचवट्यावरून उडी घेतली. गाडी खाली आदळली आणि फाटकन आवाज झाला. मग एकदम त्याची गाडी ट्रॅक्टरसारखी गर्जायला लागली. सायलेन्सरचं टोक निघून मागे उडालं होतं. झाकण आणि चकत्या. त्याच्या मागे मिरजेचा विलास शिरगुप्पे उडी घेऊन खाली उतरत होता. झाकण त्याच्या हँडल धरलेल्या हातावर बसलं. गाडी आडवी झाली आणि पायावर पडली.

त्याची किंकाळी मला स्पष्ट ऐकू आली.

इम्तियाजने आपली गाडी होती तिथे टाकली आणि उलटा पळत गेला. तोच पहिला पोचला. मी पोचलो तेव्हा विलासचा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळलेला होता आणि इम्तियाज त्याचं डोकं मांडीवर घेऊन सारखा म्हणत होता, “हलू नको, हलू नको, आली गाडी.”  त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

विलासला मिरजेला नेल्यावर मंडळाच्या माणसांनी आम्हाला तंबूत बोलावलं. टेबलावर झाकण होतं, पाच चकत्या सापडल्या होत्या, आणि इम्तियाजच्या गाडीचा सायलेन्सर काढून ठेवला होता. पद्मा सायलेन्सर हातात घेऊन बोल्टांची भोकं बघत होती. एका भोकात एक बोल्ट अजून अडकलेला होता. तिने तो बोटाने हलवला. चकत्या मोजल्या. मग तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही, माझ्या डाव्या अंगठ्याकडे. तिथे फोड आला होता.

माझ्या खिशात तीन चकत्या होत्या. मी हात खिशावर ठेवला.

“हे कसं काय निघालं?” मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं.

“सायलेन्सर मी बनवलेला हाय,” पद्मा म्हणाली. “जुळणी माझी. चूक माझी.”

“बोल्ट कमी पिळले होते?”

“माझी चूक,” ती पुन्हा म्हणाली. “लिहून घ्या.”

त्यांनी लिहून घेतलं. तिचा सायलेन्सर बंद. इम्तियाजला त्या वर्षीच्या उरलेल्या दोन्ही शर्यतींत मनाई. निपाणीचा मिस्त्री तंबूच्या दाराशी उभा होता, तो हळूच निघून गेला.

मी एक शब्द बोललो नाही. आणि मला त्या क्षणी काय वाटलं, तर पुन्हा तिचा हेवाच वाटला. आपली नसलेली चूक माणूस इतक्या सरळ आवाजात कशी काय घेऊ शकतो? मला ते जमलं नसतं. तेही तिला जमत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या गॅरेजमध्ये आली. मी जेवणाचा डबा उघडून तसाच बसलो होतो.

“मिस्त्री, त्या तीन चकत्या द्या,” ती म्हणाली.

मी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण तिचा हात आधीच पुढे होता. मी कपाटातून चकत्या काढून तिच्या हातावर ठेवल्या.

ती स्टुलावर बसली. “बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, तुम्हाला माहीत हाय काय? आठ चकत्यांना वेगळे, पाचला वेगळे. थर कमी झाला की लांब बोल्ट भोकाच्या तळाला जाऊन टेकतात. हाताला वाटतं घट्ट झालं. आत चकत्या केसभर ढिल्याच राहतात.”

“मला माहीत नव्हतं,” मी म्हणालो. ते खरं होतं. मी तिला कधी काही विचारलंच नव्हतं. विचारणं म्हणजे तिला मोठं करणं.

“काल रात्रभर मी त्याच विचारात होतो. चकत्या कुणी काढल्या ते मला तंबूतच कळलं. शर्यत हरवायला काढल्या, तेही कळलं. पण ढिल्या चकत्या गाडी चालू केल्याबरोबर चिरकतात. लई चिरकतात. इम्तियाजनं तुम्हाला सांगितलं. शेजारच्या मिस्त्रीनं मला सांगितलं, त्यालाही ऐकू येत होतं. आणि तुम्ही त्याला म्हणालात, जा.”



“मग आधी वाटलं, तुम्ही जाणूनबुजून पाठवलंत. मरू दे म्हणून.”

“नाही!” मी उठून उभा राहिलो. “पद्मा, शप्पथ सांगतो...”

“बसा. मला तसं वाटलं, पण टिकलं न्हाई. सर्जेराव मिस्त्री शर्यत हरवतील, इम्तियाजला मारणार न्हाईत. मग एकच उरतं.” तिने अंगरख्याच्या खिशातून दोरा काढला, एका चकतीच्या भोकातून ओवला आणि चकती माझ्या कानापाशी टांगती धरली. दुसऱ्या हातात छोटा स्क्रू-ड्रायव्हर होता. “ऐका.”

मी वाट बघत राहिलो. चकतीची कड थरथरताना दिसत होती.

“वाजवा ना,” मी म्हणालो.

“वाजवली,” ती म्हणाली.

तिने पुन्हा वाजवली. या वेळी मी तिच्या हाताकडे बघत होतो. स्क्रू-ड्रायव्हर चकतीवर आपटला. एक अगदी बारीक टक्क आलं, लाकडावर नख आपटावं तसं, आणि पुढे काही नाही. चकती थरथरत होती. गल्लीतून जाणारा एक माणूस आवाज कुठून येतोय म्हणून दारातून आत डोकावला.

मी डब्याचं झाकण लावलं. परत काढलं. परत लावलं. वीस वर्षं मोकळ्या सायलेन्सरमागे उकिडवं बसून मी कान कमावला होता. तसाच तो घालवलाही होता. कधी गेला ते मला कळलं नव्हतं. आणि ती महिनाभर माझ्यासमोर उभी राहून विचारत होती, ऐकू येतंय का. मी तिला भाव खाणारी समजत होतो.

“तुम्ही तुमच्यावर का घेतलंत?” मी विचारलं.

“तिथं सांगितलं असतं तर लोकांनी तुम्हाला तिथंच तुडवलं असतं. इम्तियाजही मध्ये पडला नसता.” ती उठली. “मी इम्तियाजला काही सांगणार न्हाई. तुम्ही सांगा, नाहीतर नका सांगू. तुमचं तुम्ही बघा. पण आता कुणा रायडरला मान हलवून सोडू नका. एवढं ऐका माझं.”

ती गेल्यावर मी शटर ओढलं आणि मिरजेची एस.टी. धरली.

दवाखान्यात इम्तियाज विलासच्या खाटेशेजारी बसला होता. विलासचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता, हाताला पट्टी. इम्तियाज मला बघून उठला. “वस्ताद, या.” त्याने मला बसायला स्टूल दिलं. मी उभाच राहिलो, कारण बसलो असतो तर बोलणं झालं नसतं. दोघांसमोरच सांगितलं. चकत्या मी काढल्या. पद्माची काही चूक नाही. आणि रेषेवर तू म्हणालास ते चिरकणं मला ऐकू आलं नाही, कारण मला तसले आवाज आता ऐकूच येत नाहीत.

इम्तियाजने खाटेची दांडी धरली.

“मला ऐकू येत होतं, वस्ताद,” तो म्हणाला. “माझ्या कानात घुसत होतं ते. मी गाडी बंद करणार होतो. तुम्ही मान हलवलीत, म्हणून गेलो.”

“इम्तियाज...”

“पुढं मी असतो आणि मागं कुणी नसतं, तर चाललं असतं. तुम्ही माझ्याशी काहीही करा.” त्याने विलासच्या पायाकडे हात केला. चप्पल घातली आणि बाहेर गेला.

मी तिथेच उभा. काय करावं कळेना. विलास माझ्याकडे बघत होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, दाढी वाढलेला. मला वाटलं, आता हा शिव्या देईल, द्याव्यात.

“तेवढा पाण्याचा तांब्या द्या,” तो म्हणाला.

मी दिला. तो पाणी प्याला, तांब्या परत माझ्या हातात दिला.

“माझा हंगाम गेला,” तो म्हणाला. “डॉक्टर म्हणतात पाय बसेल, पण आधीसारखा वाकणार न्हाई. घरात बायकोला अजून हे सांगितलेलं न्हाई. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्हाला माहीत असायला पाहिजे.”

“मी काय करू सांगा. काहीही सांगा.”

“आता काय करणार तुम्ही?” तो खाटेवर मागे टेकला. थोड्या वेळाने डोळे मिटूनच म्हणाला, “खालच्या मजल्यावर कानाचे डॉक्टर बसतात. आलाच आहात तर दाखवून जा.”

मी गेलो. त्यांनी कानाला यंत्र लावून आवाज ऐकवले. ऐकू आला की बोट वर करायचं. सुरुवातीला मी बोट वर करत होतो. नंतर बराच वेळ माझा हात मांडीवरच राहिला. डॉक्टर मात्र बटणं दाबतच होते.

त्या आठवड्यात मी मंडळाला लेखी कळवलं. पद्माच्या सायलेन्सरवरची आणि इम्तियाजवरची बंदी उठली, आणि मला रेषेच्या आत यायला कायमची मनाई झाली. कोल्हापुरात ही बातमी दोन दिवसांत सगळीकडे झाली. माझ्याकडे येणाऱ्या गाड्या बंद पडल्या. वर्षभर मी स्कूटर आणि मोपेड दुरुस्त केल्या. विलास पुन्हा शर्यतीत उतरला नाही. तो आता मिरजेत सुट्या भागांचं दुकान चालवतो. दिवाळीला मी जातो, तो चहा देतो, चालताना पाय किंचित ओढतो. आम्ही त्याबद्दल बोलत नाही.

इम्तियाजच्या टाकीवर माझं नाव राहिलं नाही. त्या जागेवर काहीच नव्हतं, नुसता लाल रंग. पुढच्या वर्षी तो कागलला पहिला आला. मी दोरीच्या बाहेर, गर्दीत उभा होतो. त्याने पद्माला व्यासपीठावर वर बोलावलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि माझे हात टाळ्यांसाठी वर गेले नाहीत. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर तरी हेवा जाईल. गेला नव्हता. फरक एवढाच की आता त्याला काय म्हणायचं, ते मला माहीत होतं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी पद्मा पुन्हा माझ्याकडे आली. हातात एक कार्बोरेटर होता.

“ह्याचं खालचं काही जमेना,” ती म्हणाली. “कमी वेगाला अडखळतो. वरचं मला ऐकू येतं, खालचं मला तितकं कळत न्हाई. तुम्ही बघता काय?”

“मी? एवढं झाल्यावर?”

“तुमचे खालचे आवाज शाबूत आहेत ना? डॉक्टरांनी सांगितलं असेल की.”

“आहेत.”

“मग बघा. आणि झाल्यावर मला दाखवा. मी ऐकल्याशिवाय गाडी बाहेर जाणार न्हाई.”

कार्बोरेटर कुणाच्या गाडीचा, ते तिने सांगितलं नाही. मी उघडल्यावर मला कळलं. त्यातली फ्लोटची पिन माझ्याच हाताने बदललेली होती. मी दोन दिवस त्यावर बसलो. स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. तिसऱ्या दिवशी तिच्या वर्कशॉपमध्ये गाडीवर चढवून चालू केला. ती सायलेन्सरपाशी वाकली, कान दिला, बराच वेळ ऐकलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात इम्तियाज आला. मी बाकड्यामागे होतो. त्याने मला बघितलं. गाडीवर बसून थ्रॉटल हळूहळू उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. गाडी कुठेही अडखळली नाही.

“कार्बोरेटर कुणी केला?” त्याने पद्माला विचारलं.

“सर्जेराव मिस्त्रींनी.”

 इम्तियाजने हेल्मेट घातलं आणि गाडी गल्लीतून बाहेर काढली. मी संध्याकाळपर्यंत तिथेच थांबलो होतो. म्हटलं, काही कमी असेल तर परत घेऊन येईल.

त्याने ती परत आणली नाही.